माळ्यावरची कळशी रिकामी नाही

मी एक जुनी कळशी आहे, मित्रांनो. तांब्याची. धायरीतल्या एका फ्लॅटमध्ये, आम्रपालीच्या खोलीतल्या माळ्यावर, रजयांच्या गाठोड्यामागे मला ढकलून ठेवलंय. चार वर्षं झाली, माझ्यात पाण्याचा थेंब नाही. पण मी रिकामी नाही, आणि हे घरात एकीशिवाय कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तर आज तोंड उघडलंय.

माझा जन्म तांबट आळीतला. हजारभर ठोके खाल्ले तेव्हा कुठे अंगावर नक्षी उठली. आम्रपालीच्या आजोबांनी, सुखदेवआजोबांनी, मला स्वतः वाजवून, पारखून घरी आणलं. ते पालिकेच्या पाणीखात्यात होते. उभा जन्म खडकवासल्याचं पाणी गावाला सोडण्यात गेला, त्यामुळे पाण्यातलं फक्त आपल्यालाच कळतं अशी त्यांची ठाम समजूत! दर शनिवारी ते मला चिंचेने घासायचे. बुद्धपौर्णिमेला पाहुणे आले की खिरीच्या आधी माझं पाणी. "प्या हो, प्या. त्या फिल्टरवाल्यांना काय कळतंय!" घरातल्या प्रत्येकाने सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरण्याआधी, रात्रभर मुरलेलं पाणी फुलपात्रभर प्यायचं, हा त्यांचा नियम. मी तर नुसती फुगून गेले होते. खोटं कशाला बोलू?

आम्रपाली पंधराची झाली आणि काहीतरी बिनसलं. सकाळी ती मला कलती करून पाणी घ्यायची, तेव्हा फुलपात्र माझ्या काठावर वाजायला लागलं. किणकिण, किणकिण. तिचा हात थरथरत होता. अक्षर बिघडलं, शाळेतून चिठ्ठी आली, तर तिची आई नंदा तिच्यावरच डाफरली. मग डोळे पिवळे झाले. "कावीळ आहे, दुसरं काय?" आजोबा म्हणाले. आणि त्यांनी काय करावं? नियम दुप्पट केला! सकाळी एक, संध्याकाळी एक, वर माझ्यात लिंबू पिळून ठेवायचं. मित्रांनो, आंबटाने तांबं सुटतं. माझं मला कळत होतं, की मी त्या पाण्यात उतरतेय आणि पोर ते घटाघटा पितेय. मला ओरडता येईना.

पाय सुजले, पोटात पाणी झालं, तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी नंदा कपडे न्यायला एकटीच घरी आली. ओट्यापाशी उभी राहून ती सासऱ्यांना सांगत होती, ते मी ऐकलं.

"बाबा, विल्सन नावाचा आजार आहे. फार थोड्यांना होतो, पण जन्मापासूनच असतो. आपण खातो त्यात जरासं तांबं असतंच, जास्तीचं लिव्हर बाहेर टाकतं. आपल्या आमूचं लिव्हर टाकतच नाही. लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत जातं. डोळ्यांतसुद्धा. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं आलंय, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं मला."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मीच पाजलं की गं पोरीला."

"आजार कळशीमुळे झालेला नाही, म्हणाल्या त्या. पण आगीत तेल पडलंच, बाबा. आता तांब्याचं भांडं कायमचं बंद. आणि गोळ्या जन्मभर. बरं वाटलं तरी. मध्येच सोडल्या, तर लिव्हर एकाएकी असं बसतं की धावपळ करायलाही वेळ मिळत नाही."

आजोबांनी त्याच दिवशी मला माळ्यावर टाकलं. तेव्हापासून ते या खोलीत आले तरी वर मान करत नाहीत.

गोळ्यांनी आम्रपाली हळूहळू सावरली. हात स्थिर झाला, गालांवर रंग आला. आता ती कर्वेनगरच्या कॉलेजात जाते. नंदा सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पोटी तिच्या हातावर गोळी ठेवते, स्टीलच्या पेल्यात पाणी देते आणि स्वयंपाकघरात जाऊन तिथूनच विचारते. "घेतलीस?" "घेतली गं आई, किती विचारशील!"

दिवाळी झाल्यावर एका सकाळी माळ्याखाली स्टूल सरकलं. एक हात माझ्यात आला. टण्! तळाशी गोळी पडली. ती फोनवर मैत्रिणीशी, चैतालीशी, बोलत होती. "अगं, मी एकदम फिट आहे यार. चार वर्षांत काही झालंय का मला? गोळी घेतली की तासभर खायचं नाही. तुम्ही कॅन्टीनमध्ये हादडणार आणि मी काय बघत बसू? डस्टबिनमध्ये टाकली तर आईला दिसते. इथे कोण बघतंय?"

कोण बघतंय! मी बघतेय ना, बाई. तू फिट आहेस ती या गोळ्यांच्या जिवावर, आणि त्या माझ्या पोटात पडतायत. आता होळी आली. माझा तळ कधीच झाकला गेलाय. भीती वाटते हो मला. गोळ्या माझ्यात साठतायत आणि तांबं तिच्यात.

काल ती पुन्हा स्टुलावर चढली. हात आत आला, आणि तिच्या हातातलं कडं माझ्या काठावर वाजलं. किणकिण, किणकिण. तो आवाज मला पाठ आहे, मित्रांनो.

जुनी भांडी तुमच्याकडे काय मागतात? घासा, पुसा, विसरू नका. मला त्यातलं काही नको. सुखदेवआजोबा, माझ्याकडे बघायची लाज वाटते ना तुम्हाला? अहो, तुमची चूक अजाणता झाली होती, पण आता वर बघितलं नाहीत तर ती पोर हातची जाईल. मला खाली काढा आणि नंदासमोर पालथी करा. आजच करा.