हलक्या पट्ट्या

पियानोचे सूर लावणं हा माझा धंदा. या सभागृहाचा पियानो बत्तीस वर्षं माझ्याच हातानं लागतो, आणि आज त्यावर माझी लेक वाजवणार होती, साठ जणांच्या वाद्यवृंदासोबत. कार्यक्रम तरुणांसाठी, पंचविशीच्या वरच्यांना तिकीटच नाही. आम्हा म्हाताऱ्यांनी पडद्यामागं उभं राहून ऐकायचं.

सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नव्हती. चूक माझी. ती पियानो शिकायला घराबाहेर पडली तेव्हा मी म्हणालो होतो, "तुझ्या हातात जोर नाही. एवढ्या वाद्यांपुढे तुझा आवाज कुणाच्या कानीही पडणार नाही." दर रविवारी तिच्या आईला तिचा फोन येतो. मी पेपर तोंडासमोर धरून कान टवकारून बसतो. तिच्याशी दोन शब्द बोलायला जीव नुसता तुटतो. पेपर उलटा असला तरी बायको काही म्हणत नाही, एवढी माणुसकी तिच्यात आहे.

"आज तुम्हीच आधी बोला," मी निघताना बायकोनं बजावलं. "माघार घेतलीत म्हणून काही झिजणार नाही."

पण मला बोलता कुठं येतं? माझे हातच तेवढे चालतात. म्हणून सकाळी मी प्रत्येक पट्टीच्या पुढच्या अंगाला शिशाचा छोटा तुकडा चिकटवला. त्यानं पट्टी हलकी होते, बोटांना कमी जोर लागतो. पोर दमायला नको, एवढंच मनात होतं.

तालमीत तिनं दोन ओळी वाजवल्या आणि थांबली. वाद्यवृंदही गप्प झाला. ती उठून तडक पडद्यामागं आली.

"हे तुम्हीच केलंत ना?"

"हो. म्हटलं, तुला त्रास नको."

"म्हणजे अजून तुम्हाला वाटतं, माझ्या हातात जोर नाही?"

अठ्ठ्याऐंशी तुकडे मी एकेक करून काढले. ती शेजारी उभी राहून बघत होती. मध्येच तिचं मनगट माझ्या हाताला लागलं. ते धरावंसं फार वाटलं. धरलं नाही.

संध्याकाळी ट्रम्पेट, ड्रम, व्हायोलिनं, सगळं एकदम उसळलं, आणि त्या सगळ्यावरून तिचा पियानो मला लख्ख ऐकू आला. मी ढसाढसा रडलो. दिवे सांभाळणाऱ्यानं घाबरून मला खुर्ची आणून दिली.

नंतर तिची सही घ्यायला पोरांची ही झुंबड! मीही पत्रक घेऊन रांगेत उभा राहिलो.

"आजोबा, तुम्ही पंचविशीच्या आतले?" मागच्या मुलीनं विचारलं.

"मला नुकतंच चोविसावं लागलंय."

माझा नंबर आला. ती मान खाली घालूनच सह्या करत होती.

"कुणाच्या नावानं लिहू?"

"बापाच्या," मी म्हणालो. "तेव्हा मी चुकलो, पोरी. आज सकाळीही चुकलो."

पेन थांबलं. तिनं मान वर केली. मागची पोरं चुळबुळ करायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "ही रांग संपेपर्यंत थांबाल?"

रांग पार दाराबाहेर गेली होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.