रिळांचे डबे कोण बदलतं

चौसष्ट साली सलग तीन दिवस आमच्या टॉकीजमध्ये मेलेला मुनीम पुढच्या रिळात उठून पान खाऊ लागला. सिनेमा हसवणारा होता, जासूसी होता, तरी लोकांनी खुर्च्या मोडल्या. सेठ माझ्यावर खेकसले, "तेजराम, फिर रील आगे-पीछे हुई तो घर बैठना."

मी ऑपरेटर. एकोणीस वर्षं बालाघाटला सिनेमे दाखवतोय, मी चुकेन? शोच्या आधी रिळांचे डबे आकड्यांप्रमाणे मांडून, केबिनला कुलूप लावून मी चहाला जातो. दुसरी चावी गेटकीपर फकिराच्या जुडग्यात. आता काय समजायचं ते समजा. दोन वर्षांपूर्वी या फकिराने माझ्या सख्ख्या मेव्हण्याला बिनतिकीट म्हणून कॉलर धरून हाकललं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. हल्ली तर तिकिटं फाडताना तो मला बघून गालात हसायचा, निदान मला तसं वाटायचं.

त्या रविवारी सकाळी टॉकीजच्या स्टेजवर जबलपूरच्या एका प्रोफेसरचा संमोहनाचा खेळ होता. मी त्याला आधीच गाठलं. म्हटलं, "त्या फकिराले झोपवा अन् या तीन दिवसांतल्या डब्यांच्या घोळाचं विचारा."

प्रोफेसरने साखळीचं घड्याळ डोळ्यांपुढे हलवलं. खुर्चीतल्या फकिराची मान छातीवर पडली.

"रील के डिब्बे कौन बदलता है?"

"मी. रोज बदलवतो."

टॉकीज दणाणली. मी उडी मारून स्टेजवर चढलो. सेठही मागोमाग आले, फकिरावर ओरडले, "निकल जा, अभी के अभी!" पण प्रोफेसरला खेळ रंगवायचा होता.

"क्यों बदलता है?"

"तेजराम चुकीचे लावते. मशिनीतल्या जळत्या कार्बनच्या उजेडानं डोळे गेले त्याचे, आकडे दिसत नाई त्याले. तो चहाले गेला का मी नीट लावून ठेवतो. वर्ष झालं."

"तो ये तीन दिन?"

"तीन दिवस सेठनं मले टांग्यावर बसवलं. भोंगा घेऊन तुमच्याच खेळाचा पुकारा करत गावभर फिरलो. शो सुरू व्हायच्या टायमालेच वापस येत होतो."

आकडे पुसट दिसतात हे मला ठाऊक होतं. मी ते डब्यांवरच्या खडूवर, धुळीवर ढकलत होतो; बायकोलाही बोललो नव्हतो. डोळे गेलेला ऑपरेटर कोण ठेवणार?

सेठने केबिनमधून एक डबा मागवला आणि माझ्यापासून चार हात लांब धरला. "पढ, तेजराम."

पांढरा डाग दिसत होता. दोन, तीन, का सहा, देव जाणे. सदरा घामाने पाठीला चिकटला. निरपराध माणसावर आळ घेतलास, आता भोग, असं मनात आलं. फकिरा शेजारी तसाच मान टाकून बसलेला.

तेवढ्यात त्याची एक पापणी किंचित वर झाली. ओठ न हलवता, फक्त मला ऐकू जाईल असं तो पुटपुटला, "नऊ."

म्हणजे हा लबाड झोपलाच नव्हता! मला चांगलाच राग यायला हवा होता. पण आला नाही.

"नऊ, सेठजी," मी ठणकावून सांगितलं, आणि भर स्टेजवर मला रडू फुटलं.