जटाबाबाने काढलेली गाठ

लिहून देतो, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. कोसाडच्या लूम-कामगारांच्या वसाहतीत, भरदुपारी, दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत जटाबाबाने एका बाईच्या पोटात मनगटापर्यंत हात घातला, केसांची रक्ताळलेली गाठ बाहेर काढली, आणि पोटावर ओरखडा नाही! बाई उठून चहा प्यायला गेली.

पुढचा नंबर शीतलचा. वय अठरा.

चार महिने पाळी नाही, हनुवटीवर राठ केस. रक्त तपासून, सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाईंनी पीसीओएस सांगितलं होतं. चित्र काढून दाखवलं होतं, "हे बारीक ठिपके म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली बीजं. संप्रेरकांचा तोल गेलाय, म्हणून पाळी चुकते, केस येतात. हा कॅन्सर नाही. कापून काढण्यासारखं आत काहीच नाही. गोळ्या घे, रोज चाल, तपासणीला ये. पुढे मूलही होऊ शकतं." पण शेजारच्या शोभाबाईंनी रिपोर्टातल्या 'सिस्ट'ची 'गाठ' केली, आणि तेव्हापासून शीतलला झोप नव्हती. मरणार? की मूलच होणार नाही?

"डरना मत, बेटी," बाबा म्हणाला. "अंदर जटा का झाड है. दाढी पे उसकी डाली निकली." मग तिची गोळ्यांची पाकिटं उचलून झोळीत टाकली. "ये जहर तापी में."

आईने, उषाबाईंनी, हात जोडले.

बाबाने पोटाची वळी धरली, बोटं तिच्यात दडवली, लाल पाणी ओघळलं. हिसका! गाठ बाहेर! लोकांनी जयजयकार केला. "मुठ्ठी में पकड," बाबाने ती तिच्या हातात कोंबली, "नहीं तो वापस घुसेगी."

शीतलने भीतीने मूठ आवळली. अन् बोटं थबकली. लहानपणापासून साड्यांचे धागे कापणारी बोटं ती. केस असा गुळगुळीत?

व्यापारी कापड सुती म्हणून गळ्यात मारतो, तेव्हा लूमवरचा माणूस काय करतो? धागा जाळतो. तिने एक 'केस' उपसून बाबासमोरच्या दिव्यावर धरला. तो जळला नाही. आक्रसला, वितळला, काळा धूर सोडून टोकाला टणक मणी झाला.

"गप बस वं पोरी, बाबाले राग यी जाई!" उषाबाई कळवळल्या.

पण वीस वर्षं लूम चालवलेले वडील, भिकन, पुढे आले. मणी नखाने दाबून पाहिला, अन् बाबाची मूठ उघडली. आत लाल रंगात भिजलेला कापूस आणि त्यात आणखी दोन तयार गाठी.

"केस जळला तर भुरभुरीत राख होते, घाण वास सुटतो. हे पॉलिस्टर हाय, बाबा."

बाबा डगमगला नाही. "शैतान का बाल है, बच्चा! शैतान का बाल पिघलता है!"

शीतलने त्याच्या झोळीतली पाकिटं ओढून घेतली.

"खोटं! सैतान काय पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून डोकं रंगवून आणतो? माझ्या पोटात गाठ नव्हतीच, मग तुम्ही काढली कुठून? मला अजून भीती वाटते, बाबा. पण भीती वाटली की डॉक्टरांना विचारायचं असतं. तुम्ही तर विचारणाऱ्याचं औषधच नदीत फेकता!"