श्वासाचा तास

शिशिरातली उतरती दुपार. जांभ्याच्या टेकडीवर ऊन असं सांडलेलं, जणू कुणा धीट चित्रकाराने केशरी रंग ओतला आणि कुंचला भिरकावून दिला. गवत पिंगट, आभाळ निलाजरं निळं. मधोमध कॉलेजच्या रेडिओ केंद्राचा मनोरा. एकाकी, उन्नत, ताठ.

गुरुवारचा तास शाल्मलीचा. त्या तासात ती गाणी लावीत नसे. हातमागाचा ठेका, ओल्या मातीवरून फिरणारा तळवा, कॅनव्हास ओरखडत जाणारी सुरी. यांतून ती नादांची चित्रं काढी. चौकट नसलेली, हट्टी चित्रं.

मागल्या गुरुवारी तिने ध्वनिमुद्रित श्वास ऐकवला. तिच्या लेकीचा, रेवाचा. दिवस भरण्याआधीच जगात आलेल्या, काचपेटीत वाढलेल्या चिमण्या जिवाचा.

पण केंद्रावरचं यंत्र शांततेला भिणारं. शांतता जरा लांबली, की ते आपणहून साठवणीतली सनई लावी. आणि तो श्वास इतका तलम, इतका धूसर, की यंत्राला ती शांतताच वाटली.

सनई गरजली. श्वास बुडाला.

"गाव विचारतंय, लग्न कुणाचं होतं म्हणून!" या गुरुवारी केंद्रप्रमुख हर्डीकर सर आधी हसले, मग गंभीर झाले. "अगं, श्वास काय ऐकवायचा? तो सगळ्यांनाच येतो."

"नाही येत, सर. काचपेटीबाहेर उभं राहिलं की कळतं."

"हे बघ, आज मुकाट्याने गाणी लाव. पुन्हा सनई वाजली, तर तुझा तास बंद. मग रडत येऊ नकोस माझ्याकडे."

"नाही येणार. आणि आज टेप नाही, सर. रेवालाच आणलंय."

प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. मांडीवर निजलेली रेवा. जायफळी गंधाची, दुधाळ, उबदार. रात्ररात्र जिच्या नाकाशी बोट धरून आई जागली, तिच्या ओठांशी आज माइक.

समोर तबकडीत आवाजाचा काटा. हलला. थरथरला. हिरव्या रेघेपर्यंत पोचला नाही. रेघेखाली तो फार रेंगाळला, की सनई.

शाल्मलीच्या हाताशीच गाण्यांची कळ. एक बोट, आणि सुटका. काचेपलीकडून सरांनी त्या कळीकडेच बोट दाखवलं.

तिने मान हलवली. नाही.

गाणं लावलं नाही. अंगाईही म्हटली नाही. ती माइकवर वाकली आणि श्वास घेऊ लागली. लेकीच्या लयीत, लेकीच्या मागोमाग. एक श्वास रेशमी, एक खरबरीत. एक दवासारखा, एक वाऱ्यासारखा. पांढऱ्या फलकावर पांढऱ्याच रंगाचे दोन फटकारे.

काटा चढला. रेघ ओलांडली. उतरला. पुन्हा चढला.

हर्डीकर सर काचेला कपाळ टेकून उभे. त्यांच्या उच्छ्वासाने गार काच धुरकट होई, निवळे. धुरकट होई, निवळे. अशीच एकदा शाल्मलीही उभी होती, काचपेटीबाहेर, असहाय, काचेवरची आपलीच वाफ पुसत. आज ती आत होती. आज तिची लेक रेडिओवर होती.

मनोऱ्यावरून तो श्वास निघाला. पिंगट गवतावरून, कौलांवरून, ओसऱ्यांवरून, दुकानांच्या फळ्यांवरून. ऊन कलंडत गेलं, केशरी तांबूस झालं, तांबूस जांभळं.

आणि त्या साऱ्या रंगांखालून एक इवला श्वास येत राहिला, जात राहिला. येत राहिला, जात राहिला.

सनई वाजली नाही.