डेल्बर्टची गाठ

"ही गाठ आहे? ही तर बुटाची नाडी झाली." डेल्बर्टने माझ्या कयाक होडीची दोरी सोडली आणि झाऊच्या झुडपाला पुन्हा बांधली. "धरणातून पाणी सुटलं की वाळूवरचं सगळं जातं. किती वेळा सांगायचं तुला, व्हर्ना?"

"सकाळपासून तेच तर ऐकतेय."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी या नदीवर पहिल्यांदा आले होते, आणि तेही हौसेने नाही. माझ्या नवऱ्याची, डेल्बर्टची, हयात कॅसिनोतली जुगाराची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. तिथे त्याला कुणी विचारत नसे, म्हणून तो सगळा तोरा कोलोरॅडोच्या पाण्यावर मिरवायचा. गेल्या हिवाळ्यापासून तो विसरायला लागला. शेगडी चालू राहायची. एकदा तर स्वतःच्या घराची गल्ली सापडेना. आमची मुलगी कॉरीन त्याची कयाक विकायला निघाली. शेवटी ठरलं की एक दिवस मी बरोबर जायचं आणि लक्ष ठेवायचं. काही विसरला नाही तर पुढे त्याला एकट्याला जाऊ द्यायचं, विसरला तर कयाक विकायची. खरं सांगायचं तर मी विकण्याच्याच बाजूची होते. मेल्या माशांच्या वासाला मी विटले होते.

सकाळी कड्यांमधून खाली येताना पिवळी जाकिटं घातलेला एक घोळका आम्हाला मागे टाकून गेला.

"आली कॅलिफोर्निया!" डेल्बर्ट थुंकला. तिकडून येणाऱ्या हौशी पर्यटकांवर त्याचा कायमचा राग. "यांची जाकिटं बघूनच मासे पळायचे."

ती पोरं जाता जाता दोन मासे पकडून गेली. डेल्बर्टने मात्र स्वतः कोरलेला लाकडी ट्राउट मासा गळाला लावून सकाळभर पाण्यात फेकला आणि ओढला. मोठे पट्टेरी बास मासे ट्राउटवर तुटून पडतात म्हणे. त्या ठोकळ्यावर एकही पडला नाही. मासे माझ्यापेक्षा शहाणे निघाले.

नदी जिथे तळ्याला मिळते, तिथे वाळूवर उतरून, गाठीचा तो धडा झाल्यावर, आम्ही कड्याच्या सावलीत सँडविच खायला बसलो. तो एका पर्यटकाची गोष्ट सांगत होता.

"होडी तशीच टाकून झोपला, बावळट! उठून बघतो तर होडी तळ्याच्या मधोमध. लहान पोरासारखा रडला, मी सांगतो तुला—"

आणि मध्येच थांबला.

पाणी चढलं होतं. माझी कयाक झाऊपाशी नीट डुलत होती. तिच्या शेजारी काहीच नव्हतं. त्याची लाल कयाक गळांसकट दूर तळ्यात चालली होती. माझी गाठ सोडून बांधण्याच्या नादात त्याने स्वतःची दोरी बांधलीच नव्हती.

डेल्बर्ट पाण्याकडे बघत नव्हता. आपल्या हातांकडे बघत होता.

इतक्या वर्षांच्या टोमण्यांचं उट्टं काढायची ही आयती संधी होती. पण त्याचा तो चेहरा बघून मी ती सोडून दिली.

पिवळ्या जाकिटवाल्यांनीच कयाक ओढत आणली.

"कुणाची सुटली ही?" त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं.

"माझ्यामुळे सुटली," मी म्हणाले. "सँडविच काढताना दोरी सोडली आणि बांधायची राहिली."

"होतं असं, काकू," ती म्हणाली. सुरात कीव होती. मी ती गिळली.

"हिला काही म्हणता काही येत नाही," डेल्बर्ट पुटपुटला. मग त्याने त्या पोरांचे आभार मानले. कॅलिफोर्नियाचे आभार मानताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी धक्क्यावर कॉरीन गाडी घेऊन उभी होती. तिने त्याला सोडून थेट मलाच विचारलं, "मग? बाबा एकटे जाऊ शकतात ना?"

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "एकटा कशाला? तुझ्या आईला अजून साधी गाठ येत नाही. शिकवायला नको?"

कॉरीनने माझ्याकडे बघितलं. मी जाकीट काढत राहिले.

त्याने दोन्ही कयाक गाडीवर चढवल्या, दोरी आवळली, गाठ मारली. गाडीवरच्या दोरीला तो आजवर कुणाला हात लावू देत नसे. आता तो बाजूला सरकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"जरा ओढून बघ गं."

मी ओढून बघितली.

"घट्ट आहे," मी म्हणाले.

"पुन्हा बघ," तो म्हणाला.