बोटाला लागेल अशी खाच

चहाचा पहिला घोट घेतला आणि माझ्या नणंदेनं कप असा खाली ठेवला, जसा काही तो तिला चावला होता.

"बाबा, यात मीठ आहे."

सासरे ओट्यापाशी फडक्याला हात पुसत उभे होते. "मीठ कसं असेल? मी साखर घातली."

मी माझा कप उचलला. मीठच होतं, आणि चांगलं सढळ हातानं घातलेलं. मी तो घोट कसाबसा गिळला आणि म्हणाले, "जरा वेगळा लागतोय, एवढंच."

"वेगळा? वहिनी, तू गप्प बस. आज मीठ गेलं, उद्या कपडे धुवायची पावडर जाईल."

माझी नणंद शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि माहेरी आली तरी घंटा सोबत घेऊनच येते. तिनं ती तिथल्या तिथे वाजवली. "पुढच्या रविवारी मी परत येणार आहे. तोवर काहीतरी बंदोबस्त करा, नाहीतर बाबांनी ओट्याजवळ जायचं नाही. दादा, ऐकतोयस ना?"

दादा म्हणजे माझा नवरा. तो ऐकत होता, म्हणजे वर्तमानपत्राच्या आडून मान हलवत होता.

बाबांनी फडक्याची घडी घातली, कडा जुळवून, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

बाबा शिंपी. सगळा जन्म शिलाईच्या यंत्रावर गेला. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं तेव्हा यंत्र बंद झालं, मग वाचन गेलं, मग एकट्यानं फिरायला जाणंही. उरला होता तो दोन वेळचा चहा. शेगडीची बटणं त्यांना हातानं कळतात, दूध वर यायला लागलं की ते आवाजावरून ओळखतात. नवरा कामावर गेला की घरात आम्ही दोघंच, आणि दुपारी मागच्या दाराशी त्यांची हाक यायची, "सूनबाई, भुसा झटक आणि ये. चहा झालाय." त्या हाकेत काय ऐट असायची! सोमवारी दुपारी ती आली नाही. मी आत जाऊन पाहिलं तर ते खुर्चीत बसून रुमालाची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते.

घोळ होता चार बरण्यांचा. साखर, मीठ, चहा पावडर आणि खायचा सोडा. एकाच मापाच्या, एकसारख्या झाकणांच्या. सेट म्हणून हौसेनं मीच आणलेल्या.

नवऱ्यानं बरण्यांना रबर बँड लावले. साखरेला एक, मिठाला दोन, असं. बाबांचा हात लागला, त्यांना वाटलं कुणीतरी वेंधळेपणानं ठेवलेत, आणि त्यांनी ते सगळे काढून ड्रॉवरमध्ये टाकले. शिंप्याच्या घरात असलं काही लोंबकळत ठेवायची पद्धत नाही.

"मग चार वेगळ्या बरण्या आण ना," नवरा म्हणाला.

"त्यांच्या हाताला याच बरण्यांची सवय आहे," मी म्हणाले. हे खरंही होतं. पण त्याहून खरं असं, की माझ्या डोक्यात एव्हाना लाकडी झाकणं शिरली होती. प्रत्येक झाकणावर वेगळा आकार. बोट फिरवलं की कळलं पाहिजे.

"झालं," नवरा म्हणाला. "सुतारीणबाईंना निमित्त मिळालं."

घरामागच्या ज्या खोलीत पूर्वी आमची गाडी असायची, तिथे आता माझं सुतारकाम असतं. मला कुणी शिकवलं नाही. जे येतं ते व्हिडिओ बघून आणि लाकूड वाया घालवून आलंय, आणि दुसऱ्या पद्धतीनं जास्त आलंय. त्या खोलीत माझा राउटर आहे. इंटरनेटचा डबा नव्हे. दोन मुठी धरून चालवायचं यंत्र, त्याच्या पोटात गरगर फिरणारं पातं, ते लाकडात खाच पाडतं. मोकळं सोडलं तर वारं प्यायलेल्या वासरासारखं भलतीकडे पळतं. म्हणून लाकडावर आकाराचा साचा ठेवायचा आणि यंत्राच्या तळाला, पात्याभोवती, एक कडी बसवायची. तिला गाइड म्हणतात. कडी साच्याच्या काठाला घासत जाते आणि पातं निमूट तिच्या मागे.

हार्डवेअरवाल्यानं माझ्या यंत्राचा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ताई, हे कुठल्या जमान्यातलं? याची गाइड आता मिळायची नाही. नवीन मशीन घ्या."

"मशीन चांगलं आहे."

"मग गाइड घरीच बनवा," तो हसत म्हणाला.

त्यानं चेष्टा केली होती. माझ्याशी चेष्टा करताना लोकांनी जपून असावं.

कोपऱ्यावरच्या नळदुरुस्तीवाल्याकडून पितळी नळीचे दोन तुकडे आणले, एक जाड, एक बारीक. तळाच्या चकतीसाठी भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड उचलला. चकती कापली, पट्टीनं मधोमध माप घेतलं, भोक पाडलं, त्यात कडी म्हणून नळी घट्ट ठोकली, आणि टाकाऊ फळीवर गोल काढून पाहिला. अंडं आलं. पुन्हा काढला. पुन्हा अंडं. माझी पट्टी आणि माझी नजर दोघींनी मिळून भोक केसभर बाजूला पाडलं होतं, त्यामुळे यंत्र फिरेल तसा आकारही हलत होता.

चिरायचा दुसरा बोर्ड गेला. या वेळी मोजलंच नाही. कोरी चकती यंत्राला स्क्रूनं पक्की केली, यंत्र चालू केलं आणि पातं हळूच खाली उतरवलं. त्यानं आपलं भोक आपणच पाडलं. यंत्राचं मधोमध यंत्राइतकं कुणाला ठाऊक असणार? तेच छोटं भोक धरून नळीच्या मापाचं भोक मोठं केलं, नळी बसवली. ती साच्याच्या जाडीपेक्षा लांब होती, म्हणून यंत्र लंगडायला लागलं. कानशीनं घासून तिला आखूड केली. मग गोल आला तो असा गोल, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता आकार. ते बाबांनीच ठरवायला हवे होते. मी त्यांना खुर्चीतून उठवून मागच्या खोलीत आणलं, हातात जाड कागद आणि त्यांची मोठी कात्री दिली.

"साखर गोल," ते लगेच म्हणाले. "चहाला पान. सोड्याला त्रिकोण. मीठ चौकोनी."

"मीठ चौकोनी का?"

"खवचट असतं ते. कोपरे हवेत त्याला."

कागदाची घडी घालून, अंगठ्यानं कड चाचपत, त्यांनी आकार कापले. दिसत नसताना माणूस इतकं नीट कापतो हे बघताना मी श्वास रोखून धरला होता, आणि ते मात्र मजेत शीळ घालत होते. सोमवारपासून पहिल्यांदा.

मी त्यांना समजावलं, "बाबा, कडीला जाडी असते. त्यामुळे पातं साच्याच्या काठापासून थोडं आत चालतं आणि खाच साच्यापेक्षा लहान पडते. म्हणून मी साचा थोडा मोठा कापणार आहे."

"म्हणजे कापडाला कडेनं शिलाई सोडतात तसं."

"हां, अगदी तसंच."

मी त्यांच्या कागदाभोवती सगळीकडून मोजून जागा सोडली, साचा कापला, बरण्यांच्या मापाच्या कोऱ्या लाकडी झाकणांपैकी एक पकडीत घट्ट आवळलं आणि पान काढायला घेतलं. पान वाढत गेलं, वाढत गेलं, आणि देठाशी झाकणाची कड फोडून बाहेर आलं.

"बाबा," मी कागद उचलून विचारलं, "तुम्ही यात शिलाई धरली होती का?"

"मग? शिलाई धरल्याशिवाय कोण कापतं?"

"मीपण धरली."

ते इतके हसले की त्यांना टेकायला यंत्राचं टेबल लागलं. "ढगळ झालं म्हण की! बाळाला बापाचा सदरा."

नवे साचे केले, शिलाई एकदाच धरून. आणि मग मला चेव चढला. जाड कडीनं खाच पाडायची, त्याच साच्यातून बारीक कडीनं गडद लाकडाचा तुकडा कापायचा, आणि तो त्या खाचेत बसवायचा. फिकट झाकण, त्यात गडद पान. दोन कड्यांच्या जाडीत नेमका पात्याएवढा फरक ठेवला की तुकडा खाचेत असा बसतो, की केससुद्धा शिरणार नाही. त्या फरकासाठी मी नळी घासत किती दुपारी घालवल्या, ते विचारू नका. चौकोनाचे कोपरे पटाशीनं जुळवले. सरस लावला, सुकू दिला, घासलं, बारीक पॉलिशपेपरनं पुन्हा घासलं, तेल लावलं. शनिवारी संध्याकाळी चार झाकणं ओट्यावर मांडली. नवऱ्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे तू केलंस?"

"नाही, शेजारीण येऊन करून गेली."

त्यानं फोटो काढून बहिणीला पाठवला. मी बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी पहिल्या झाकणावर बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग चारी झाकणांवर पुन्हा, सावकाश.

"वा," ते म्हणाले. "काय गुळगुळीत झालंय. कापडाला इस्त्री केल्यासारखं."

"हो ना?"

"फार सुंदर." ते थोडे थांबले. "पान कुठल्यावर आहे?"

मी डोळे मिटले आणि स्वतः बोट फिरवलं. काही नाही. जोड कुठे आहे ते नखालासुद्धा लागत नव्हतं. आठवडाभर मी याच एका गोष्टीसाठी जीव काढला होता, आणि ती मला शंभर टक्के साधली होती. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी.

नवरा हसू दाबायला खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते.

"हसा," मी म्हणाले.

"मला कळतंय ना," बाबा घाईनं म्हणाले. "हे... हे पान असेल." त्यांचं बोट मिठावर होतं. मला वाईट वाटू नये म्हणून ते अंदाजानं बोलत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. उद्या लेकीसमोर असाच अंदाज करावा लागला, तर ते आपणहून म्हणतील, राहू दे, मी नाही जात ओट्याजवळ. मग कुणी हुकूम करायचीही गरज उरणार नाही.

"हे ठेवा पाहुण्यांसाठी," मी म्हणाले. "सकाळी दुसरी करते."

रविवारी उजाडताच मी मागच्या खोलीत होते. कोरी झाकणं उरलेली होती, साचे तयार, गाइड तयार, जाड कडी तेवढी लावायची. बारीक कडी, गडद लाकूड, सगळी कारागिरी फळीवर पडून राहिली. नुसती खाच. पातं जरा खोल सोडलं, काठ धारदार ठेवला. एकेक झाकण झालं की बाबांच्या हातात द्यायचं. ते माझ्या बाकड्याला टेकून उभे होते, सदऱ्यावर भुसा.

"ही उथळ आहे. बोट घसरतं." मी आणखी खोल केली. "हां. आता बसतंय. हे कोपरे टोचतात, म्हणजे मीठ. हे फिरतच राहतं, साखर." मग त्यांनी चारी झाकणं ओंजळीत घेऊन पत्त्यांसारखी पिसली आणि एकेक ओळखून बाकड्यावर आपटत गेले. "सोडा! पान! मीठ! साखर! पुढचा डाव?"

नणंद दुपारी आली. दारातच म्हणाली, "झाकणं छान झालीत वहिनी, फोटो पाहिला."

"ती वेगळी," मी म्हणाले. "ती नुसती दिसायला."

तिनं ओट्यावरच्या बरण्यांना बसवलेली झाकणं पाहिली. साधी, कोरी, पॉलिशसुद्धा नसलेली. तिच्या भुवया वर गेल्या. पण बाबा तोवर उठले होते. कुणाचा हात न धरता ओट्याशी गेले, भांडं चढवलं, बटण फिरवलं. नणंद त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली, परीक्षेला बाईंनी बाकामागे उभं राहावं तशी. मी तिला खुणेनं खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

बोट पानावर. झाकण उघडलं, चमचा आत, पावडर पाण्यात. दूध. मग बोट चौकोनावर आलं. नणंदेनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. बोट पुढे सरकलं, गोल सापडला, त्यात एक फेरी मारून आलं. नवऱ्याच्या कपात साखर, माझ्या कपात साखर, त्यांच्या स्वतःच्या कपात साखर. झाकण बंद.

कप पुढे आले. नणंदेनं घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"बघ! दादा, मी म्हटलं होतं की नाही? साखर विसरले!"

"विसरलो नाही," बाबा आपल्या कपावर फुंकर घालत म्हणाले. "डॉक्टरांनी तुझी साखर बंद केलीय ना? परवा फोनवर दादाला सांगत होतीस. डोळे गेलेत माझे, कान नाही."

नवऱ्याला ठसका लागला.

नणंदेनं आळीपाळीनं पाहिलं. बाबांकडे, झाकणांकडे. मग तिनं डोळे मिटून एका झाकणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सोडा."

"मीठ," बाबा म्हणाले. "तू अजून कच्ची आहेस. आधी सराव कर, मग ओट्याजवळ ये."

ती हसली. खुर्ची ओढून बसली, दुसरा घोट घेतला आणि आवाज अगदी लहान करून म्हणाली, "बाबा, अर्धा चमचा तरी."

बाबांचं बोट साखरेच्या झाकणावर गेलं, खाचेत सावकाश फिरलं, आणि त्यांनी ते झाकण उलट आणखी घट्ट दाबलं.

"एक दाणासुद्धा नाही," ते म्हणाले.