फिल्टरचे झाकण कोणी उघडेना

ज्या वर्षी ऊर्मिलाला जुळी झाली, त्याच वर्षी, म्हणजे २०१३ साली, मी या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. सात माणसे बसतील एवढी मोठी, बाजूला सरकती दारे असलेली, पेट्रोलवर चालणारी. मला घडवले त्या कारखान्यात माझ्या पुढे आणि मागे अगदी माझ्यासारख्याच गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे तिथे माझे कौतुक कोणी केले नाही. कौतुक झाले ते जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. ऊर्मिला आणि तिचा नवरा मयुरेश यांनी बाळांच्या दोन खुर्च्या माझ्यात बसवल्या आणि मयुरेश म्हणाला, "आता कुठेही जाऊ."

खरेच गेलो. तळ्यांवर गेलो, डोंगरांत गेलो. कपाटे, सायकली, कणकेच्या गोण्या, सगळे मी वाहिले. मग मुले मोठी झाली आणि ट्रामने शाळेत जाऊ लागली. मी आठवडेच्या आठवडे अंगणात उभी राहू लागले. काचेवर पाने चिकटत. ती कोणी काढत नसे.

गेल्या सप्टेंबरात साताऱ्याहून ऊर्मिलाचे आईवडील आले आणि मला पुन्हा काम मिळाले. तिची आई सरलाबाई चाकांच्या खुर्चीत असतात. माझे दार सरकवले की त्यांची खुर्ची सरळ आत येते. तिचे वडील श्यामकांत यांचे साताऱ्यात गॅरेज होते. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते बिघाड सांगत, अशी त्यांची ख्याती होती.

दसऱ्याला त्यांनी माझे बॉनेट उघडून पूजा केली. हळदकुंकू लावले, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या उधळल्या, खोबऱ्याचा तुकडा बॅटरीवर ठेवला. किती वर्षांनी कोणी माझ्या इंजिनाला हात जोडले होते! मी सुखावले. मग बॉनेट बंद झाले आणि तो प्रसाद आतच राहिला. चार दिवसांनी खोबऱ्याच्या वासाने एक उंदीर आला. मी हवा आत घेते त्या नळीतून तो फिल्टरच्या डब्यात शिरला. तिथला कागद कुरतडून, पाकळ्या आणि तांदूळ ओढून नेऊन त्याने घरटे केले. माझा श्वास कोंडू लागला. मी खोकू लागले.

ऑक्टोबरच्या शेवटी मयुरेशने गॅरेजला फोन केला. त्यांनी दोन आठवड्यांनंतरचा टर्मिन दिला. इथे गाडीलासुद्धा डॉक्टरसारखी वेळ घ्यावी लागते.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सगळे माझ्यात बसून दवाखान्यातून परतत होते, तेव्हा फोन वाजला. सरलाबाईंची धाकटी बहीण स्नेहलता बर्लिनला मुलाकडे, चारुदत्तकडे, राहत होती. ती फार आजारी होती.

"मावशी, आईनं कालपासून काही खाल्लं नाही," चारुदत्त म्हणाला. "सारखी ताई-ताई करतेय. जमेल तितक्या लवकर ये."

मयुरेश लगेच म्हणाला, "उद्या सकाळच्या रेल्वेची तिकिटं काढतो. खुर्चीसाठी मदतीचंही सांगतो."

"दारात गाडी असताना रेल्वे कशाला, मयुरेशराव?" श्यामकांत म्हणाले. "जरा ट्यूनिंग केलं की पळेल. दोन तासांचं काम."

"अहो, काढू द्या ना त्यांना तिकीट."

"चाळीस वर्षं गाड्या ट्यून केल्या, सरला. तुझाच विश्वास नाही?"

सासऱ्यांपुढे मयुरेशने फोन खिशात ठेवला. 

शनिवारी श्यामकांतांनी माझे प्लग बदलले, तारा पुसल्या, पेचकस कानाला लावला. मग जुन्या गाड्यांत हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवायला असायचा तो स्क्रू ते माझ्यात शोधू लागले.

"हिचा हवेचा स्क्रू कुठाय?"

"बाबा, हिला तो नसतोच," ऊर्मिला म्हणाली. "कॉम्प्युटर ठरवतो सगळं."

"कॉम्प्युटरला कान असतात का?"

"बरं, एकदा फिल्टर उघडून बघू?"

श्यामकांतांनी आवाज खाली आणला. "नको. तो मयुरेशरावांनी एप्रिलमध्ये स्वतःच्या हातानं घातलाय. जावयाच्या कामात मी खोट काढू?"

मयुरेश दोन पावलांवर पाना घेऊन उभा होता. त्याने ते ऐकले. त्यालाही फिल्टरचीच शंका होती, पण बाबा नको म्हणाल्यावर तो कसे म्हणणार? मित्रांनो, मला दोघांचाही संताप आला. एवढे मोठे इंजिन, आणि त्यांना एक झाकण उघडता येईना! मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण गाडीचे ओरडणे म्हणजे काळा धूर. श्यामकांत म्हणाले, "बघा, घाण निघतेय बाहेर. सुधारतेय." मी फाटकापर्यंत गेले आणि बंद पडले.

रविवारी त्यांनी बॉनेट उघडताच वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून ओरडली, "हॉइट इस्ट झोन्टाग!" म्हणजे, आज रविवार आहे; रविवारी इथे आवाज करायचा नसतो. बॉनेट बंद झाले. दुपारी चारुदत्तचा फोन आला, की आई आज थोडी बरी आहे, ताई निघाली का विचारते आहे. मयुरेशने पुन्हा रेल्वेचा विषय काढला. श्यामकांत म्हणाले, "उद्या सकाळी गाडीनंच नेतो तिला. शब्द देतो." त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

सोमवारी सात वाजता ऊर्मिला एकटीच खाली आली. ती कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करते. तिने कोणाला विचारले नाही. चार चाप उघडून झाकण उचलले. उंदीर उडी मारून पळाला. आत कुरतडलेला कागद, सुकलेला झेंडू आणि कुंकवाने लाल झालेले तांदूळ होते.

तिने दोघांना खाली बोलावले.

"गणपतीनं वाहन आपल्याकडे लावलं होतं वाटतं," मयुरेश म्हणाला. 

"आमच्या कंपनीत यंत्र अडलं की आधी फिल्टर बघतात, बाबा," ऊर्मिला म्हणाली. "मानपान नंतर."

श्यामकांतांनी ते तांदूळ मुठीत घेतले.

आठला दुकान उघडले, नवा फिल्टर आला, पावणेनऊला आम्ही निघालो. मी कित्येक महिन्यांत धावले नव्हते अशी धावले. "किती छान चालतेय हो," सरलाबाई म्हणाल्या. श्यामकांतांच्या मुठीत ते तांदूळ बर्लिनपर्यंत तसेच होते. अकरा वाजता पोचलो, तेव्हा चारुदत्त रस्त्यावर येऊन उभा होता. त्याने माझे दार सरकवले आणि मावशीच्या गुडघ्यांवर डोके ठेवले.

मित्रांनो, माझी पूजा नाही केली तरी चालेल. केलीत, तर दुसऱ्या दिवशी सगळे झाडून काढा. मी खोकले तर आधी माझा श्वास तपासा. आणि एकमेकांचा मान राखण्यासाठी कोणतेही झाकण बंद ठेवू नका. मोठी माणसे चुकत असतील तर त्यांना प्रेमाने, पण त्याच दिवशी सांगा.

स्नेहलताबाई सोमवारी, दहा नोव्हेंबर २०२५ रोजी, सकाळी पावणेदहा वाजता बर्लिनमध्ये वारल्या.